पोटात पंख घेऊन उतरणारी विमानं

(दृश्य: धावपट्टीच्या टोकाशी, जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. समोरून एअरबसचं मालवाहू विमान बेलुगा एक्सएल उतरायला येतंय.)

हे विमान तिरकं येतंय, लक्षात आलं? वारा डावीकडून आहे. वैमानिकानं नाक मुद्दाम वाऱ्याकडे वळवून धरलंय, म्हणजे विमान वाहवत न जाता मध्यरेषेवर राहील. चाकं टेकायच्या जरा आधी तो रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर, पाय देईल, नाक धावपट्टीच्या रेषेत आणेल आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवेल.

हे तंत्र प्रत्येक वैमानिकाला येतं. पण या विमानाची कूस बघा. लांबी ६३ मीटर, आणि त्यावर जवळजवळ नऊ मीटर व्यासाचा मालकक्ष. आडव्या वाऱ्यात ती सगळी बाजू शिडासारखी भरते.

या कक्षात एअरबस ए३५० चे दोन पंख एका वेळी मावतात. वजन मात्र तेवढं नसतं. बेलुगा एक्सएल जास्तीत जास्त ५१ टनांच्या आसपास माल नेतं, आणि ज्या ए३३० च्या मालवाहू आवृत्तीवरून ते बनलं, ती याहून जास्त वजन उचलते! म्हणजे एवढा खटाटोप केला तो वजनासाठी नाही, जागेसाठी. आणि वैमानिकाची खरी झुंज असते ती याच जागेशी.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. कॅलिफोर्निया, १९६२.)

सुरुवात झाली ती चंद्रमोहिमेच्या काळात. सॅटर्न रॉकेटचे वरचे टप्पे कॅलिफोर्नियात तयार व्हायचे आणि उड्डाण फ्लोरिडातून. रस्त्यानं नेता येत नव्हते, इतके रुंद. म्हणून जहाजानं, पनामा कालव्यातून वळसा घालून न्यावे लागत. जॅक कॉन्रॉय या वैमानिकानं बोइंगचं जुनं स्ट्रॅटोक्रूझर घेतलं आणि त्याच्या पाठीवर भलामोठा फुगवटा चढवला. नाव पडलं प्रेग्नंट गप्पी. १९ सप्टेंबर १९६२ रोजी व्हॅन नाइस विमानतळावरून ते पहिल्यांदा उडालं, तेव्हा खबरदारी म्हणून पोलीस आणि अग्निशमन दलाला आधीच कळवून ठेवलं होतं. विमान उडालं आणि नीट उतरलंही. मग नासानं ते कामाला लावलं, आणि कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास एका दिवसाच्या आत आला.

पण ही वाट सोपी नव्हती. १९६५ मध्ये गप्पीच्या आणखी मोठ्या आवृत्तीच्या, म्हणजे पहिल्या सुपर गप्पीच्या चाचणीत, वेगानं खाली झेपावताना, फुगवट्याचा पुढचा भाग हवेच्या दाबानं आत चेपला. त्याही अवस्थेत वैमानिकांनी ते सुखरूप उतरवलं. १९७० मध्ये याच कुळातलं मिनी गप्पी टर्बाइन चाचणीत कोसळलं आणि आतले चौघेही गेले. आज आपण या विमानांचे गमतीदार आकार पाहतो, तेव्हा ही माणसंही आठवायला हवीत.

(दृश्य: बेलुगाची शेपूट, मागून.)

शेपटीकडे या. आडव्या पृष्ठाच्या दोन्ही टोकांना दोन जादा उभे पडदे दिसतात. ते का लागले? विमान जरा तिरकं झालं की गुरुत्वमध्याच्या पुढचा फुगवटा नाकाला आणखी बाजूला ढकलायला बघतो. त्याला परत सरळ करायचं काम शेपटीचं. पण शेपूट असते नेमकी त्या फुगवट्याच्या मागे, त्यावरून ढवळून आलेल्या हवेत. म्हणून मधला उभा पंखही मोठा करावा लागतो आणि कडेचे पडदेही लावावे लागतात. युक्रेनच्या आन्तोनोव २२५ म्रियाला दोन उभे पंख दोन टोकांना दिले होते, तेही अशाच कारणानं: तिच्या पाठीवर बुरान हे अवकाशयान बसायचं, आणि त्याच्या मागची हवा शेपटीच्या मध्यावर आदळली असती.

आता कॉकपिट. सुपर गप्पीचं नाक कॉकपिटसकट दारासारखं बाजूला उघडतं. त्यामुळे दर वेळी नियंत्रणाच्या जोडण्या सोडायच्या, पुन्हा जोडायच्या आणि तपासायच्या. बेलुगाच्या अभियंत्यांनी कॉकपिटच खाली आणला आणि दार त्याच्या वर ठेवलं. मला हा या सगळ्या विमानांमधला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्याचा एक परिणाम उतरताना जाणवतो: वैमानिकाची नजर धावपट्टीच्या जास्त जवळ असते. नाक कधी उचलायचं याचा अंदाज डोळ्यांना नव्यानं बसवावा लागतो. अशा वेळी जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचा आवाज मोलाचा: पन्नास, चाळीस, तीस, वीस...

(दृश्य: ड्रीमलिफ्टर, रात्री.)

बोइंगचं ड्रीमलिफ्टर म्हणजे पोट फुगवलेलं ७४७. अशी फक्त चार. मालकक्ष १,८४० घनमीटरचा, शेपूट बिजागरीवर बाजूला वळते. चाचण्यांमध्ये कंपनं वाढली म्हणून पंखांच्या टोकांवरचे विंगलेट, म्हणजे वर वळलेले छोटे पंख, काढून टाकावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये यातलं एक विमान कॅन्ससमधल्या विचिटा इथे रात्री उतरलं, पण चुकीच्या विमानतळावर. जायचं होतं मॅककॉनेल हवाई तळावर, उतरलं जबारा या छोट्या विमानतळावर. दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण एकाच दिशेच्या, आणि रात्रीच्या दिव्यांत हा गोंधळ झाला. जबाराची धावपट्टी जेमतेम १,८६० मीटर. जगभर प्रश्न एकच: आता हे निघणार कसं? दुसऱ्याच दिवशी ते स्वतःच्या बळावर उडालं. पोट अवाढव्य असलं तरी भार हलका होता, आणि धावपट्टी किती लागणार हे वजन ठरवतं, पोटाचा घेर नाही.

म्रियाचं गणित उलटं होतं. तिला खरोखरच वजन उचलायचं असे. २००९ मध्ये जवळपास १९० टनांचा एकच नग तिनं नेला. विमानासकट ६४० टनांपर्यंतचा भार ३२ चाकांवर वाटला जाई, आणि मागची काही चाकं वळत, म्हणून ती धावपट्टीवर फिरू शके. २०२२ च्या फेब्रुवारीत, कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावरच्या रशियन हल्ल्यात ती नष्ट झाली. तशी दुसरी पूर्ण झालेलीच नाही.

(दृश्य: बेलुगा एक्सएल थांबलंय. वरचं दार उघडतंय.)

विमान थांबलं तरी वारा पाठ सोडत नाही. हे दार उघडलं की ते उंच हवेत उभं राहतं, आणि जोराच्या वाऱ्यात ते उघडताच येत नाही. मग उतरलेलं विमान तसंच ताटकळतं आणि पुढे पंख जोडायला बसलेली माणसंही. म्हणून एअरबसनं खास शेड बांधल्या: विमानाचं नाक आत घ्यायचं आणि दार छपराखाली उघडायचं.