आधी वाट, मग घर

डोंगरात सुट्टीचं घर बांधायचं म्हणून येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच सांगतात, "घर लांबून दिसता कामा नये." इच्छा फार चांगली आहे. मग मी विचारतो, गाडी कुठपर्यंत न्यायची? उत्तर येतं, "अगदी दारापर्यंत." सगळं बिनसतं ते इथे.

सह्याद्रीच्या उतारावर एक बैठं घर झाडीत दडवणं अवघड नाही. दडत नाही तो रस्ता. गाडी चढायची तर वळणं हवीत, वळणांसाठी जेसीबीने डोंगर कापावा लागतो, आणि कापलेली तांबडी माती पलीकडच्या डोंगरावरूनही डोळ्यांत भरते. प्रश्न नुसता दिसण्याचा असता तर मी एवढा अडून बसलो नसतो. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. निघालेली माती खालच्या अंगाला लोटून सपाटी करतात. मग अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर उभं राहतं. पावसाने भराव बसत जातो आणि नेमकी त्या सांध्यावर भिंत तडकते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली ती जुलैतल्या मुसळधार पावसातच. उतारावर रेघ ओढताना ही दोन गावं डोळ्यांसमोर असलीच पाहिजेत.

यावर कोकणाने शोधलेला उपाय आजही चालतो. रत्नागिरीकडच्या कितीतरी वाड्यांत वाहन वर सडकेपाशी राहतं आणि माणूस पाखाडीने उतरतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट. झाड आलं की ती वळसा घेते, कातळ आला की त्यावरूनच जाते. तिला डोंगर कापावा लागत नाही. पाखाडीच्या कडेचा गडगाही जवळून बघा. दगडावर दगड नुसता रचलेला असतो, सिमेंटचा थेंब नाही. त्यामुळे मागचं पाणी फटींतून झिरपून जातं आणि भिंतीवर दाब साठत नाही. आपण काँक्रीटची भिंत घालतो, तिला पाणी निघायला भोकं ठेवायला विसरतो, आणि ती पोट काढते. म्हाताऱ्या आईवडिलांचं काय, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. अशा वेळी मी घरच सडकेच्या जवळ आणतो, रस्ता घराजवळ नेत नाही.

घर उताराला आडवं ठेवायचं, अरुंद आणि लांब. जोतं एकाच पातळीत धरायचा हट्ट नको. दोन खोल्यांमध्ये तीन पायऱ्या आल्या तर येऊ द्याव्यात, तेवढी खोदाई वाचते. वरच्या अंगाला, घराच्या पाठीशी, पाणी वळवणारा चर काढायचा आणि तो मूळच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, नेऊन सोडायचा.

छपराच्या रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. हिरवा पत्रा नको. आपले डोंगर चार महिने हिरवे असतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत करपून जातं. उरलेले आठ महिने तो हिरवा पत्रा उघडा पडतो. मंगळुरी कौलं दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळून काळवंडतात आणि बाराही महिने मातीत मिसळून जातात. वेल्समध्ये पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर १९९८ साली फ्यूचर सिस्टिम्स या वास्तुविशारदांच्या संस्थेने गवताच्या छपराखाली एक घर टेकाडात दडवलं. घर देखणं आहे, पण तिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो. इथे तसं छप्पर करायचं तर ओल्या मातीचं वजन आणि गळती या दोन्हींचा हिशेब आधी मांडावा लागेल.

शेवटी संडासाच्या पाण्याचं सांगतो, कारण नकाशात सर्वांत कमी चर्चा त्याची होते. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यात गेलेलं पाणी उताराने खाली झिरपतं, आणि खाली बहुधा वाडी असते, तिची विहीर असते. तुम्ही महिन्यातून दोन दिवस येणार, ती माणसं रोज त्या विहिरीचं पाणी पिणार. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा आधी खाली वाडीत जा, पाणी कुठलं भरता ते विचारा, आणि शोषखड्डा कुठे घ्यायचा हे त्यानंतरच ठरवा.