नवी ओळ घुसेना तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. एक्सेलमध्ये जेमतेम दोनशे ओळींची यादी. मधेच एक नाव राहून गेलेलं, म्हणून तुम्ही नवी ओळ घालायला जाता आणि संगणक सरळ नाही म्हणतो. कारण काय, तर म्हणे खाली जागा नाही! शीटमध्ये ओळी असतात १०,४८,५७६. मग जागा गेली कुठे?

गोम अशी, की ओळ घातल्याने शीट लांबत नाही. ओळींची संख्या ठरलेली. नवी ओळ आली की तिच्याखालच्या सगळ्या एकेक घर सरकतात आणि तळाची बाहेर पडते. ती रिकामी असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण तिथे काही असलं, तर ते जाऊ नये म्हणून एक्सेल अडून बसतं. आता तळाशी जाऊन ठेवतं कोण? आपणच! अख्खा रकाना निवडून चौकटी आखल्या, किंवा फॉर्म्युला शेवटपर्यंत ओढला, की झालं.

कंट्रोल आणि एंड दाबून बघा. कर्सर यादीपाशी न थांबता पार तळाला गेला, तर चोर सापडला. आधी फाइलची प्रत काढा. मग यादीखालच्या पहिल्या रिकाम्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक करा, कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण एकत्र दाबून तळापर्यंतच्या ओळी निवडा. माऊसच्या उजव्या क्लिकने 'डिलीट' करा. कीबोर्डवरचं डिलीट नव्हे हं, त्याने मजकूर जातो, चौकटी तशाच राहतात. मग फाइल सेव्ह करा.

'इन्सर्ट' फिकट दिसत असेल, तर बहुधा शीट प्रोटेक्ट केलेली असते. ज्याने कुलूप घातलं, त्यालाच विचारा.

खरं तर एक्सेल नाही म्हणतं, ते बरंच. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडची माहिती जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढची माहिती गळाली आणि १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत.

असाच एक गुपचूप घोटाळा आपल्याकडेही होतो. बेरजेच्या अगदी वर ओळ घातली, तर तिच्यातला आकडा बेरजेत धरला जातोच असं नाही. बेरजेच्या सेलवर दोनदा क्लिक करा. आकड्यांभोवती रंगीत चौकट उमटेल. ती नव्या ओळीच्या वरच थांबली असेल, तर कोपऱ्याला धरून खाली ओढा आणि एंटर दाबा.