कानातला खडा आणि खाडीचं पाणी

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली घासून पातळ केलेला खडा)

हा खडा बोय माशाच्या पिल्लाच्या कानातला. पिल्लू बोटाएवढं, खडा तांदळाच्या कणीएवढा.

ही वलयं बघा. झाडाच्या खोडात वर्षाला एक पडतं, इथे दिवसाला एक. शास्त्रज्ञ जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१मध्ये ही रोजची वलयं दाखवून दिली आणि पिल्लाचं वय दिवसांत मोजता येऊ लागलं.

मधली वलयं समुद्रातली. त्यांत स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जास्त आहे. गोड्या पाण्यात ते सहसा कमी असतं. बोय अंडी घालते समुद्रात, पिल्लं दोनेक सेंटिमीटरची झाली की खाडीत शिरतात.

(दृश्य : खाडीचं मुख, भरती लागतेय)

एवढ्याशा जिवाचा ओहोटीच्या ओढीपुढे निभाव कसा लागणार? बऱ्याच जातींची पिल्लं त्या फंदात पडतच नाहीत. भरती लागली की तळ सोडून वर येतात, पाण्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की तळाशी दबून बसतात. फुकटचा प्रवास, पण वेळ चुकवून चालत नाही.

आत गढूळ पाणी. आपण नाक मुरडतो, पण पिल्लांना तोच आडोसा. नजरेनं शिकार करणाऱ्या मोठ्या माशाला त्यात हातभर पुढचं दिसत नाही. तिवरांच्या मुळांत तर तो शिरूच शकत नाही.

(दृश्य : पुन्हा खडा, वलयांचा दाट पट्टा)

इथे मात्र वलयं एकमेकांना खेटून आलीत. त्या दिवसांत वाढ खुंटली. का, ते खडा सांगत नाही. त्या दिवसांच्या पाण्याच्या नोंदी काढाव्या लागतात.

कधी कारण तळाशी सापडतं. नदीचं पाणी हलकं, ते वर तरंगतं. समुद्राचं जड, ते खाली सरकतं. दोन्ही थर मिसळले नाहीत, तर खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. त्यात शेतातली खतं वाहून आली की शेवाळ माजतं, मरून तळाला कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली तो गेला, की बहुतेक मासे तिथून पळ काढतात. पाणी तापलेलं असेल तर त्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो.

कधी कारण वर, धरणात असतं. पुराचं पाणी अडवलं की त्याबरोबर येणारी पोषकद्रव्यंही अडतात, आणि त्यांवर पोसणारं, डोळ्यांना जेमतेम दिसणारं खाद्य आटतं. उलट पूर फारच मोठा आला तर नुकती शिरलेली पिल्लं थेट समुद्रात फेकली जातात. म्हणून नुसतं ‘नदीत पाणी सोडा’ म्हणून भागत नाही. किती आणि मुख्य म्हणजे कधी, हे पाहावं लागतं.

नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४मध्येच मांडलं होतं : एखाद्या वर्षीची पिढी भरघोस की तुटपुंजी, हे पिल्लांच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत ठरतं. तेव्हा असे दिवस मोजायला हा खडा कुणी वाचत नव्हतं.

(दृश्य : खड्याची कड)

कडेचं हे वलय अर्धवटच आहे. त्या दिवशी हे पिल्लू जाळ्यात आलं.