एकाच काचपेटीत आमरी आणि बेडूक: पहिल्या पॅल्युडेरियमची आखणी

जुलै महिन्यात आंबोलीच्या जंगलात एखाद्या जुन्या झाडाखाली थांबून आधी वर आणि मग खाली पाहावे, असे मी नेहमी सांगतो. वर, फांद्यांच्या बेचक्यांत आमरीची, म्हणजे ऑर्किडची, झुबकेदार रोपे असतात आणि त्यांची जाड, पांढुरकी मुळे सालीला धरून हवेत लोंबत असतात. खाली कुजणाऱ्या पानांच्या थरात, दगडांच्या फटींत आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला बेडूक असतात. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. परंतु तो थांबून वाऱ्याची एक झुळूक आली की वरची मुळे तासाभरात कोरडी पडतात, आणि खालचा पालापाचोळा मात्र सप्टेंबर संपेपर्यंत सुकत नाही. एकाच झाडाच्या बुंध्याशी आणि शेंड्याशी दोन वेगळी हवामाने नांदत असतात. पॅल्युडेरियम, म्हणजे अर्धी जमीन आणि अर्धे पाणी असलेली काचपेटी, आखताना ही दोन हवामाने दीड-दोन फूट उंचीत कशी बसवायची, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गावाकडे पुष्कळ लोक झाडावरच्या आमरीला बांडगूळ म्हणतात, ते बरोबर नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घालून त्याचा रस घेते. आमरी झाडाचा केवळ आधार घेते आणि पाणी पावसातून व धुक्यातून मिळवते. त्यासाठी तिच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाऊस आला की ते काही क्षणांत पाणी शोषून हिरवट दिसू लागते आणि वाळले की पुन्हा पांढरे होते. हे आवरण सतत भिजलेले राहिले तर आतल्या जिवंत मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. बेडकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तो तोंडाने पाणी पीत नाही, तर पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. त्याच कातडीतून त्याचे काही प्रमाणात श्वसनही चालते, आणि ती सुकली तर तो जगत नाही. म्हणजे एकाला रोज थोडे वाळायला मिळाले पाहिजे आणि दुसऱ्याला कधीही वाळू देता कामा नये. पहिले पॅल्युडेरियम बहुधा फसते ते या दोघांना एकच ओलावा दिल्यामुळे.

माझी पहिली पेटीही अशीच फसली. वरचे झाकण मी पूर्ण काचेचे केले होते, आतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या खाली येत नव्हती आणि काचेवर दिवसभर दव असे. मला ते दृश्य फार आवडायचे. तिसऱ्या आठवड्यात आमरीची मुळे तपकिरी झाली आणि बोटांनी दाबताच त्यांची साल सुटून आतला दोरा तेवढा हाती आला. तोपर्यंत बेडूक आणले नव्हते, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

बंद काचेत झाडे वाढवण्याचा इतिहास नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरापासून सुरू होतो. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता आणि त्या मातीतून नेच्याचे रोप उगवून आले. पुढे त्यांच्या बंद पेट्यांतूनच चीनमधली चहाची रोपे समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. वॉर्डची पेटी नेच्यांना मानवते, कारण नेच्यांना स्थिर, ओली हवा चालते. झाडावरच्या आमरीला ती मानवत नाही, हे ध्यानात ठेवले तर पुढचे पुष्कळसे निर्णय सोपे होतात.

आता बेडूक कोणता, हा प्रश्न. आपल्या घाटांतले बेडूक पकडून आणू नयेत. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो आणि त्यातले डिंभ, म्हणजे शेपटीवाली पिल्ले, खालच्या डबक्यात टपकतात. आंबोलीत सापडणाऱ्या एका छोट्या झुडूपबेडकाच्या अंड्यांतून डिंभ निघतच नाहीत, थेट पिटुकले बेडूक बाहेर पडतात. आणि आंबोलीचा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, तर जगात जवळपास त्या एका पठाराच्या परिसरातच उरला आहे. हे प्राणी एका विशिष्ट उतारावरच्या, विशिष्ट पावसातल्या जीवनाशी बांधलेले आहेत, आणि त्यांतला एक उचलला तरी तिथल्या पुढच्या पिढीतून तो वजा होतो. आमरीचेही तेच आहे. काही प्रजातींच्या फांद्याच्या फांद्या तोडून रस्त्याकडेला विकल्या जातात, त्या विकत घेऊ नयेत.

म्हणून पाळण्यासाठी बंदिवासात जन्मलेले बेडूकच घ्यावेत. पहिल्या पेटीसाठी मी डेन्ड्रोबेटिस ल्युकोमेलास ही प्रजाती सुचवतो. काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला, तीन-चार सेंटिमीटरचा हा बेडूक मूळचा व्हेनेझुएला आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. तो दिवसा वावरतो, त्यामुळे दिसतो. लहान गटात राहतो. आणि त्याच्या मूळ प्रदेशात कोरडा ऋतू येत असल्याने, दडायला ओली जागा मिळाली तर हवेतला थोडा कोरडेपणा सोसतो. आमरीच्या शेजारी राहण्यासाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. या कुळातल्या बेडकांचे विष त्यांच्या मूळ जंगलातल्या मुंग्या, माइट नावाचे कोळ्यांसारखे सूक्ष्म जीव इत्यादी खाद्यातून येते; बंदिवासात फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकांत ते नसते. तरीही त्यांना हाताळू नये, कारण आपल्या हातावरचे मीठ आणि साबण त्यांच्या कातडीला अपायकारक असतात.

डेन्ड्रोबेटिस वंशातले सर्व बेडूक साइट्स करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात येतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यानुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते आणि ती परिवेश या सरकारी पोर्टलवर होते. विक्रेत्याने कागदपत्रे दाखवली नाहीत तर बेडूक कितीही सुंदर असला तरी परत फिरावे. आमरींचे संपूर्ण कुळही त्याच कराराच्या परिशिष्टांत आहे, म्हणून रोपेसुद्धा रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावीत.

पेटी विकत घेण्यापूर्वी ती कोणत्या खोलीत ठेवणार, हे ठरवावे लागते, आणि महाराष्ट्रात हा सगळ्यांत कठीण निर्णय आहे. या बेडकांना बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. तीसच्या वर ते दिवसभर राहिले तर जीव जाऊ शकतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर अडतीस-चाळीस अंश असते, वरच्या मजल्यावरची खोली दुपारी सहज तेहतीसला पोहोचते आणि दिव्यांमुळे पेटीत आणखी दोन अंशांची भर पडते. कोरड्या हवेत पंख्याने बाष्पीभवन वाढवून दोन-तीन अंश उतरवता येतात, परंतु मुंबईत किंवा कोकणात हवाच दमट असल्याने तो उपाय चालत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पेटी बांधण्याआधी एक पूर्ण उन्हाळा त्या कोपऱ्यात कमाल-किमान नोंदवणारा तापमापक ठेवून रोजचे आकडे लिहावेत. दुपारी एसी चालवावा लागेल असे दिसले आणि त्याची तयारी नसेल, तर त्या पेटीत फक्त आमरी, नेचे आणि मॉस ठेवावे. तेही परिपूर्ण पॅल्युडेरियमच असते.

पेटी नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस खोल आणि साठ उंच असावी, असे मी सुचवतो. याहून लहान पेटीत वर कोरडे आणि खाली ओले असा फरक टिकत नाही. सहा मिलिमीटर काचेच्या अशा रिकाम्या पेटीचे वजनच पस्तीस किलोच्या आसपास होते. पाणी, दगड, लाकूड धरून ते शंभर किलोंच्या पुढे जाते, तेव्हा साध्या टेबलाचा विचार सोडून द्यावा. तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर, त्यावर बारीक जाळी आणि जाळीवर माती, अशी रचना करावी म्हणजे जादा पाणी खाली निथळते आणि माती सडत नाही. मातीऐवजी धुतलेला काथ्या, लोणारी कोळशाचे तुकडे, सालीचा भुगा आणि स्फॅग्नम मॉस यांचे मिश्रण वापरावे. त्यावर देशी बदामाची किंवा फणसाची वाळलेली पाने पसरावीत. बेडूक त्यांखाली दडतात आणि पानांवर जगणारे स्प्रिंगटेल नावाचे अतिसूक्ष्म जीव बेडकांची विष्ठा व बुरशी साफ करतात.

पाण्याचा भाग किती असावा? पॅल्युडेरियम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर धबधबा आणि मासे येतात. परंतु हे बेडूक जंगलाच्या जमिनीवरचे आहेत, ते चांगले पोहत नाहीत आणि उभ्या काठाच्या खोल पाण्यात बुडून मरू शकतात. पहिल्या पेटीत पाणी तळाच्या एक चतुर्थांश जागेत, फार तर सात-आठ सेंटिमीटर खोल असावे आणि त्याचा काठ सर्व बाजूंनी गोट्यांचा, उतरता असावा. मासे ठेवू नयेत. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा, आणि पाण्याजवळच्या सर्व विजेच्या जोडण्या ईएलसीबीवर, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर, असाव्यात.

हवेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आमरी जगेल की नाही ते तिथे ठरते. पुढच्या दाराखाली जाळीची एक पट्टी आणि छताच्या मागच्या कडेला दुसरी पट्टी ठेवली, तर दिव्यांनी तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत येते. दारावरची काचही त्यामुळे स्वच्छ राहते. त्याखेरीज छताजवळ बारा व्होल्टवर चालणारा, संगणकात असतो तसा छोटा पंखा, पूर्णपणे जाळीत बंद करून, टायमरवर लावावा. फवारा सकाळी दिवे लागल्यावर आणि दुपारी, असा दोनदा द्यावा. त्यानंतर पंखा तासभर चालावा. आपले काम साधले की नाही, हे कोणत्याही यंत्राआधी मुळे सांगतात: फवाऱ्यानंतर हिरवी झालेली वरची मुळे चार-पाच तासांत पुन्हा पांढरी झाली पाहिजेत, आणि त्याच वेळी तळाची पाने उलटून पाहिली तर खालची बाजू ओलीच असली पाहिजे. संध्याकाळी उशिरा फवारू नये, कारण पानांच्या पोंग्यात साचलेले पाणी रात्रभर राहिले की आमरीचा गाभाच सडतो.

बाजारात मिळणारी मोठ्या फुलांची संकरित फॅलेनॉप्सिस या पेटीसाठी घेऊ नये. ती दिव्यांपर्यंत पोहोचते आणि तिचा पोंगा पाणी धरतो. त्याऐवजी लहान चणीची फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस, किंवा अमेरिकेतल्या उष्ण जंगलांतली स्पेक्लिनिया ग्रोबी वरच्या तिसऱ्या हिश्शात, दिव्याजवळ बांधावी. मास्डेव्हालियासारख्या थंड डोंगरांवरच्या आमरी फोटोत मोहवतात, पण आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. जमिनीवर सावलीत लुडिसिया डिस्कलर आणि मॅकोडीस पेटोला या मखमली पानांच्या आमरी चांगल्या वाढतात, फक्त त्या पाण्यापासून दूर, उंचवट्यावर लावाव्यात. रोप बांधायला महागडी कॉर्कची सालच हवी असे नाही. जुन्या मंगळुरी कौलाचा तुकडा मला अधिक आवडतो; तो कुजत नाही, पाणी मोजकेच धरतो आणि मुळे त्याला घट्ट चिकटतात.

रोपवाटिकेतली आमरी आणताना एक धोका लक्षात घ्यावा. तिच्यावर कीटकनाशक आणि बुरशीनाशक फवारलेले असते आणि कुंडीतल्या सालीत खताचे दाणे असतात. आमरीला ते चालते, बेडकाच्या कातडीतून मात्र ते थेट शरीरात जाते. म्हणून जुने माध्यम पूर्ण काढून, मुळे व पाने वाहत्या पाण्याखाली धुऊन, रोपे किमान दोन महिने वेगळी वाढवावीत. पेटीत गेल्यावर त्यांना खत देऊ नये. या आकाराच्या आमरींना बेडकांच्या विष्ठेतून मिळते तेवढे पुरते. काच जोडायचे सिलिकॉनसुद्धा बुरशीनाशक नसलेले निवडावे, स्नानगृहासाठीचे नव्हे. फवाऱ्यासाठी आरओचे पाणी वापरावे, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार काचेवर आणि व्हेलामेनवर साचत जातात; तळ्यात नळाचे पाणी घातले तर त्यातला क्लोरीन आधी घालवावा.

आता वेळापत्रक. पेटी लावल्यापासून बेडूक येईपर्यंत तीन महिने जाऊ द्यावेत. पहिल्या महिन्यात बुरशी येते आणि स्प्रिंगटेल ती खाऊन संपवतात. दुसऱ्या महिन्यात आमरी नवे मूळ काढते किंवा काढत नाही, आणि काढत नसेल तर पंखा व फवारा यांत बदल करायला अजून वेळ असतो. याच काळात पंखहीन फळमाश्यांच्या बाटल्या घरी सुरू कराव्यात. त्यांची एक पिढी साधारण दोन आठवड्यांत तयार होते, आणि दर आठवड्याला नवी बाटली भरण्याची सवय बेडूक येण्याआधी अंगवळणी पडली पाहिजे, कारण हे बेडूक केवळ जिवंत, हलणारे खाद्य घेतात. माश्या कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या भुकटीत घोळवून द्याव्यात.

बेडूक आणल्यावर त्यांना आधी महिना-दीड महिना साध्या डब्यात, ओल्या टिश्यू पेपरवर, वेगळे ठेवावे. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक प्रजाती नष्ट केल्या आहेत. म्हणून या डब्यातले आणि पुढे पेटीतलेही पाणी ब्लीचने निर्जंतुक केल्याशिवाय बागेत किंवा नाल्यात ओतू नये. तिथे आपले स्थानिक बेडूक राहतात. वजन टिकले, खाणे नीट राहिले, तर सकाळी फवाऱ्यानंतर दोन किंवा तीन बेडूक पेटीत सोडावेत, दिवे त्या दिवशी मंद ठेवावेत आणि पानांवर थोड्या माश्या सोडून दार बंद करावे. पहिले दोन-तीन दिवस ते दिसले नाहीत तरी पाने उलटून शोधू नयेत; साधारणपणे चौथ्या-पाचव्या सकाळी, फवारा थांबल्यावर, ते आपणहून बाहेर येतात.