वड्याचं तेल सीपीवर

'फार तांत्रिक नको' असं बजावून माईक हातात दिलाय, तेव्हा आधी चहाची गोष्ट.

२०११ सालची. लिनक्सचा नवा कोरा कर्नल, म्हणजे गाभा, त्यावर नवी सीपी, म्हणजे फाईल कॉपी करणारी कमांड. आमची एक साधी स्क्रिप्ट होती: प्रोग्राम कंपाइल कर, लगेच दुसऱ्या फोल्डरात कॉपी कर. एके दिवशी कॉपी चालेना. आकार बघितला, बाइटला बाइट बरोबर. उघडून बघितलं, तर आत नुसती शून्यं. मी काय केलं? नव्यानं लागलेल्या पोराला झापलं. हसताय काय, तुम्हीही तेच केलं असतं! तो बिचारा एकेक कमांड हातानं देऊन दाखवायचा आणि सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की दोन कमांडींच्या मधे स्वारी टपरीवर जाऊन येते. मग आम्ही स्क्रिप्टमध्येच 'स्लीप ४०', म्हणजे ४० सेकंद थांब, घातलं, शेजारी शेरा मारला: 'चहा'. चाललं की!

गुण चहाचा नव्हता. लिनक्स लिहिलेलं लगेच डिस्कवर नेत नाही, मेमरीत ठेवतं आणि साधारण ३० सेकंदांनी उतरवायला घेतं. ईएक्सटी४ ही फाईल-सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडणारी व्यवस्था, डिस्कवरची जागासुद्धा तेव्हाच ठरवते. इकडे नवी सीपी वेळ वाचवायला फायमॅपला, म्हणजे फाईलचा डिस्कवरचा नकाशा सांगणाऱ्या कर्नलच्या सोयीला, विचारायची, 'या फाईलमध्ये मजकूर कुठे आहे आणि भोकं, म्हणजे काहीच न लिहिलेल्या जागा, कुठे?' मजकूर ताजा, मेमरीत, म्हणून उत्तर यायचं, 'भोक.' सीपी भोकाच्या जागी शून्यं लिहून मोकळी. वडिलांच्या पेन्शनचा अर्ज असाच बारनिशीच्या टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर पडलेला होता, आणि कारकून सांगत होता, 'वहीत नाही म्हणजे आलेलाच नाही.' तीन खेपा घातल्या मी. चौथ्या खेपेला तर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग मूळ विषय उरकतो.

चूक सीपीची म्हणावी, तर तिनं विचारलं आणि ऐकलं, एवढंच. पण माणसं ओरडणार सीपीच्याच नावानं. सीपी ज्या संचात येते त्या कोअरयुटिल्सवाल्यांनी आधी धोरण ठेवलं होतं, की २.६.३८ पर्यंतच्या कर्नलवरच फायमॅपला 'आधी डिस्कवर उतरव, मग सांग' म्हणायचं, २.६.३९ मध्ये सगळं सुधारेल. सुधारलं नाही. एप्रिल २०११ च्या ८.१२ आवृत्तीत मग कर्नल कुठलाही असो, आधी उतरवायचंच. आणि त्यात वेळ जातो, म्हणून फाईल भोकाची वाटली तरच फायमॅपच्या वाटेला जायचं, एरवी मुकाट सगळं वाचायचं. दुरुस्ती म्हणाल तर एवढीच.

कोअरयुटिल्सच्या २०२१ च्या ९.० मध्ये फायमॅप गेलं, 'पुढचं भोक कुठे?' एवढंच विचारणारं सीक-होल आलं. सुटलो म्हणता म्हणता २०२३ च्या नोव्हेंबरात झेडएफएस या दुसऱ्या फाईल-सिस्टीमवर तेच: कॉपीत शून्यं! संशय आधी नव्या ब्लॉक-क्लोनिंगवर, म्हणजे मजकूर पुन्हा न लिहिता कॉपी करायच्या सोयीवर. निघाला कित्येक वर्षांचा जुना दोष. ताज्या बदलांची फाईल 'बदललेली नाही' असं झेडएफएसला वाटायचं, म्हणून भोकांचं उत्तर चुकायचं. या वेळी मात्र दुरुस्ती झेडएफएसमध्येच झाली.

आमच्या स्क्रिप्टमधली 'चहा'ची ओळ अजून आहे. काढायला कुणी धजावत नाही. घ्या माईक.