पाठिंबा खाजगीत, विरोध चारचौघांत

मित्रहो, सुरुवात एका आकड्यापासून करतो. 1966 साली अमेरिकेत गॅलप या संस्थेनं जनमत चाचणी घेतली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी तुमचं मत काय, असं लोकांना विचारलं. 63 टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिलं. किंग यांना शांततेचं नोबेल मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. 2011 साली याच संस्थेनं पुन्हा विचारलं, तेव्हा 94 टक्के लोक त्यांच्याविषयी चांगलं बोलत होते.

मधल्या काळात किंग तर काहीच बोललेले नाहीत. 1968 सालीच त्यांचा खून झाला. मग हे मत एवढं पालटलं कसं? काळ बदलतो, लोक शहाणे होतात, असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्यात थोडं तथ्य असेलही. पण 1966 साली नेमकं काय चाललं होतं ते पाहा. त्याआधीची काही वर्षं किंग दक्षिणेतल्या राज्यांमधल्या वर्णभेदाविरुद्ध लढत होते. उत्तरेतल्या सुशिक्षित गोऱ्यांना ते पटत होतं, कारण दोष दक्षिणेचा होता. 1966 साली किंग उत्तरेत, शिकागोला आले आणि म्हणाले, तुमच्या वस्त्यांमध्येही काळ्या माणसांना घर मिळालं पाहिजे. त्या उन्हाळ्यात तिथल्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. माणूस तोच होता आणि त्याचं म्हणणंही तेच होतं. फक्त बोट आता ऐकणाऱ्याच्या दाराकडे वळलं होतं.

हा प्रकार परक्या मुलखातला म्हणून सोडून देऊ नका. गोपाळ गणेश आगरकर आठवा. 1882 साली कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या मजकुराबद्दल टिळक आणि आगरकर यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि दोघं 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सत्तेविरुद्ध बोलणारा संपादक कोणाला आवडत नाही? पण हेच आगरकर बालविवाहाविषयी, विधवांच्या केशवपनाविषयी, घराघरातल्या रूढींविषयी लिहू लागले. त्यासाठी ‘केसरी’ सोडून 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. तेव्हा त्याच पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. लेखणी तीच, धार तीच. दिवाणावर चालली तेव्हा ती बाणेदार होती, माजघराकडे वळली तेव्हा तीच धर्मबुडवी झाली.

यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्पष्टवक्त्याविषयीचं लोकमत त्याच्या स्पष्टपणावर फारसं अवलंबून नसतं. त्याच्या बोलण्यानं आपल्याला काही सोडावं लागणार आहे का, यावर ते ठरतं.

अर्थात असं उघडपणे कोणी म्हणत नाही. म्हणतात ते वेगळंच. ‘मुद्दा बरोबर आहे हो, पण भाषा फार कडक आहे.’ ‘जरा सौम्य शब्दांत सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं.’ ‘ही वेळ नव्हती.’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, बहुतेकांनी उच्चारलीही आहेत. म्हणून ती खरी आहेत का, हे तपासून पाहू.

व्हिएन्नाच्या रुग्णालयातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींच्या वॉर्डात जातात आणि त्यांच्या हातांमुळेच बाळंतिणी तापानं दगावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. 1847 साली त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणानं हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्यानं घटले. पुढे त्यांनी आपल्या विरोधकांना खुली पत्रं लिहिली आणि त्यांत त्यांना सरळ खुनी ठरवलं. भाषा कडक होती, यात शंका नाही. पण ती पत्रं 1861 आणि 1862 सालची आहेत. म्हणजे सौम्य भाषेला चौदा वर्षं मिळाली होती! चौदा वर्षं बाळंतिणी मरताना पाहिलेल्या माणसानं आवाज चढवला, तर आपण त्याच्या आवाजाचीच चर्चा करत बसलो. ते 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात वारले.

आणि सौम्य बोलूनही फरक पडतो असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. लिहिणं अगदी गणितासारखंच, कोरडं, पायरी पायरीनं जाणारं. शिवी नाही, आक्रस्ताळेपणा नाही. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि ते मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. इतक्या शांत माणसाच्या वाट्याला हे आलं. तेव्हा भाषेची तक्रार ही बहुतेक वेळा सबब असते, असं मी म्हणतो.

पण कर्व्यांच्या गोष्टीत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा वाचक. हे मासिक 26 वर्षं चाललं, ते कोणी तरी वाचत होतं म्हणूनच ना? वाचक त्यांना पत्रं लिहीत. आईबापांना, डॉक्टरांना, बायकोला किंवा नवऱ्याला विचारता येत नव्हते असे प्रश्न या माणसाला विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरं छापत. 1934 सालचा खटला झाला तो अशाच प्रश्नोत्तरांवरून. म्हणजे लोकांनी विचारलं म्हणून त्यांनी उत्तर दिलं आणि उत्तर दिलं म्हणून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील ठरत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. तो खटला ते हरले. दंड झाला 200 रुपये. प्रश्न विचारणारे, उत्तरानं ज्यांचं आयुष्य थोडं सुसह्य झालं असे वाचक नावानिशी पुढे येऊन ‘यांचं म्हणणं आम्हाला हवं आहे’ असं म्हणाले असते तर? त्यांनाही घरदार होतं, अब्रू होती, हे मी विसरत नाही. पण लोकमत कर्व्यांच्या विरुद्ध होतं असं जे आपण म्हणतो, त्या लोकमतात या गप्प बसलेल्यांची गणना कुठे झाली?

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं 1950च्या दशकात केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. काही रेषा दाखवायच्या आणि दिलेल्या रेषेएवढी कोणती, ते विचारायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. पण गटातले बाकीचे लोक आधीच पढवलेले, ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागी माणसानं अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखी चुकीची दिली. मग अ‍ॅशनं एक बदल केला. पढवलेल्यांपैकी फक्त एकाला खरं बोलायला सांगितलं. तेवढ्यानं चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या चौथाईवर आलं. गटाचं बहुमत कायम होतं, तरी एका माणसाच्या सोबतीनं इतका फरक पडला. चारचौघांत ‘यांचं बरोबर आहे’ एवढं म्हणणारा माणूस काय करतो, ते यातून कळतं. बैठक संपल्यावर जिन्यात गाठून ‘तुम्ही छान बोललात, आम्हालाही तसंच वाटतं’ असं सांगणारा हे काम करत नाही. त्याची सदिच्छा खरी असेल, पण तिचा उपयोग शून्य.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात येत असेल, की जो शिव्या खातो तो प्रत्येक जण खरं बोलणारा असतो का? मुळीच नाही. विरोध झाला हा खरेपणाचा पुरावा नव्हे. मुद्दाम टोचून बोलायचं, गदारोळ उठवायचा आणि मग ‘सत्य कडू असतं’ म्हणून मिरवायचं, हा आता चांगला चालणारा धंदा आहे. अशा माणसाला ओळखायचं तर त्याचा बाण कोणाकडे जातो ते बघा. तो आपल्याच टाळ्या वाजवणाऱ्यांना कधी दुखावतो का? त्याच्या बोलण्यानं त्याचं स्वतःचं काही जातं का? आगरकरांनी स्वतःच्या जातीला, स्वतःच्या शहराला, स्वतःच्या मित्रांना दुखावलं. दुबळ्यांवर तोंडसुख घेऊन बलवानांची वाहवा मिळवणाऱ्याला मी स्पष्टवक्ता म्हणणार नाही, त्याच्याविरुद्ध कितीही मोर्चे निघोत.

शेवटी एका बाईंविषयी बोलतो. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. त्यावर वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि 1882 साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापलं. जे दुर्गुण बाईला चिकटवता ते पुरुषात नाहीत का, हा त्यांचा सवाल. पुस्तकावर टीका झाली आणि ती टीका सत्यशोधकांमधूनही झाली. म्हणजे ज्यांनी पाठीशी उभं राहायचं, त्यांच्यातलेच काही उलटले. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 साली ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनात ताराबाईंची बाजू जाहीरपणे मांडली, तीही आपल्याच सहकाऱ्यांना खडसावून.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक सापडत नाही. हे एकच आणि तेही विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं, म्हणजे मध्ये नव्वदहून अधिक वर्षं गेली. आज ते अभ्यासक्रमात आहे, त्यावर प्रबंध होतात. पण त्या पुढे बरीच वर्षं जगल्या आणि एवढ्या ताकदीच्या बाईनं त्या वर्षांत काय लिहिलं असतं, ते आपल्याला कधीच वाचायला मिळणार नाही. किंग, आगरकर, कर्वे यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ते बोलत राहिले. पहिल्याच फटकाऱ्यानंतर ज्यांनी लेखणी खाली ठेवली, त्यांची संख्या किती असेल, आणि त्यांच्या वेळी फुल्यांसारखं कोणी का नव्हतं, हा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.