अळीच्या पोटावर न फुटलेले पाय

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या श्रावणात गेवराई तालुक्यातील एका रेशीम संगोपनगृहात जाण्याचा योग आला. पाचव्या अवस्थेतल्या अळ्या तुतीचा पाला खात होत्या आणि पत्र्यावर बारीक सर पडावी तसा आवाज रॅकमधून येत होता. घरच्या बाईंनी एक अळी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली. पुढे छातीला टोकदार पायांच्या तीन जोड्या, मग दोन खंड मोकळे, मग गुबगुबीत पायांच्या चार जोड्या, पुन्हा तीन खंड मोकळे आणि शेवटी एक जोडी. बाई म्हणाल्या, "सर, उसाच्या दर पेराला डोळा असतो. मग हिच्या दर पेराला पाय का न्हाई?" प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला आहे. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

गांडूळ, गोम, पावसाळ्यात कपाशीच्या व सोयाबीनच्या रोपांवर येणारा वाणी किंवा पैसा, झिंगा, माशी, रेशीम अळी या साऱ्यांचे शरीर पेरापेरांचे असते. शास्त्रात या पेरांना देहखंड म्हणतात. अंड्यातल्या भ्रूणाला येथे दोन वेगळी कामे करावी लागतात. पहिले काम पेरे पाडण्याचे आणि दुसरे प्रत्येक पेराला त्याची ओळख देण्याचे, म्हणजे हे डोक्याचे, हे छातीचे, हे पोटाचे असे ठरवण्याचे. ही कामे जनुकांचे दोन निराळे गट करतात. आजच्या विषयाची किल्ली या फरकात आहे, असे मला वाटते.

पेरे पाडण्याच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीच्या भ्रूणात सगळी पेरे जवळजवळ एकाच वेळी आखली जातात. ही आखणी करणारी जनुके क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी शोधली व त्यांचा निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. मात्र बहुतेक कीटक या घाईने चालत नाहीत. आपल्या ज्वारीच्या पिठात सापडणारा तांबडा भुंगेरा मागच्या टोकाकडून एकेक पेर वाढवत नेतो आणि त्या टोकाच्या पेशींमध्ये एक जनुक घड्याळाच्या ठोक्यासारखे चालू-बंद होत राहते. गोमेची रीत आणखी निराळी आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या एका गोमेच्या भ्रूणाचा अभ्यास झाला, तेव्हा तिची बहुतेक पेरे दोन-दोनच्या जोडीने आखली जातात असे दिसले. आपल्याकडे दुफणीने एका फेरीत दोन तासे पडतात, तसे. गोमांच्या पायांच्या जोड्या १५ पासून १९१ पर्यंत असतात, पण ती संख्या विषम असते, आणि जोडीने होणाऱ्या या आखणीशी त्या विषम संख्येचा संबंध जोडला जातो. आपण तिला शतपाद म्हणतो खरे, पण शंभर पायांसाठी पन्नास जोड्या लागतात आणि पन्नास हा सम आकडा आहे. आपल्याकडच्या घोणीच्या पायांच्या जोड्या मोजल्या, तर त्या सहसा २१ भरतात.

आता ओळखीकडे वळू. १९१५ साली कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक विचित्र फळमाशी आढळली. माशीला पंखांची एकच जोडी असते आणि तिच्यामागे, छातीच्या तिसऱ्या खंडावर, तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक दांड्या असतात. या माशीत तो तिसरा खंड दुसऱ्यासारखा होऊ पाहत होता. एडवर्ड लुइस यांनी अनेक दशके हाच धागा धरून ठेवला आणि अखेर दांड्यांच्या जागी पूर्ण वाढलेले पंख असणारी, चार पंखांची माशी तयार करून दाखवली. त्यांना १९९५ साली न्युसलाइन-फोलहार्ड व विशाउस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्या माशीत बिघडलेल्या जनुकाचे नाव अल्ट्राबायथोरॅक्स. पेराला ओळख देणाऱ्या अशा जनुकांना हॉक्स जनुके म्हणतात. फळमाशीत ती आठ आहेत आणि नवल असे, की गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने बसली आहेत, त्याच क्रमाने डोक्याकडून शेपटीकडे शरीराचा कारभार पाहतात.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माशीपेक्षा रेशीम अळीनेच अधिक स्पष्टपणे दिले आहे. या अळीच्या एका जातकुळीत अल्ट्राबायथोरॅक्स आणि त्याच्या शेजारचे अब्डॉमिनल-ए, ही दोन्ही जनुके गळालेली असतात. माता आणि पिता या दोघांकडून हीच उणीव आलेले भ्रूण अंड्यातच मरते, पण मरण्यापूर्वी त्याच्या पोटाच्या खंडांवर छातीसारखे पाय उगवलेले दिसतात. याचा अर्थ पोटाच्या पेराला पाय फुटण्याची ताकद नव्हती असे नाही. डोळा तेथे होता. ही जनुके त्याला फुटू देत नव्हती. त्यांनी तयार केलेली प्रथिने डिस्टल-लेस नावाच्या जनुकाला पोटाच्या खंडांत दाबून ठेवतात आणि डिस्टल-लेस जागे झाल्याशिवाय पाय लांब वाढत नाही.

मग ही मनाई आली कोठून? कीटकांचे पूर्वज झिंगे-खेकड्यांच्या कुळाशी नाते सांगणारे होते. अल्ट्राबायथोरॅक्स जनुक त्या कुळातही आहे, पण खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमिया या छोट्या कवचधारी प्राण्यात ते ज्या खंडांत काम करते, त्या खंडांना खुशाल पाय असतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आर्टेमियाचे हे प्रथिन माशीच्या भ्रूणात तयार करवून पाहिले, तेव्हा पाय दाबण्याचे काम त्याला नीट जमले नाही. फरक प्रथिनाच्या शेवटच्या टोकाशी होता. पाय दाबण्याला अडसर ठरणारा भाग कीटकांच्या प्रथिनातून गेला आहे आणि तेथे अलानिन या अमिनो आम्लाची सलग माळ आली आहे. एका जुन्याच प्रथिनाच्या टोकाशी झालेल्या या फेरबदलाचा सहा पायांच्या कीटकाच्या घडणीत असा वाटा असावा, हे मला आजही थक्क करते.

दुसरीकडे, झिंग्यांच्या कुळात प्रथिन न बदलता त्याची हद्द सरकलेली दिसते. झिंग्याच्या तोंडाजवळ पायांपासून बनलेल्या, घास धरणाऱ्या तीन जोड्या असतात. १९९७ साली मिखालिस अ‍ॅवेरॉफ आणि निपम पटेल यांनी दाखवले, की असे घास धरणारे पाय जितक्या खंडांवर असतात, तितक्या खंडांतून अल्ट्राबायथोरॅक्सने माघार घेतलेली असते. पुढे २००९ मध्ये पारहायेल या लहानशा कवचधारी प्राण्यात हे जनुक मुद्दाम कमी केले, तेव्हा चालण्याच्या पायांचे रूपांतर घास धरणाऱ्या पायांत होऊ लागले. तोंडाजवळ ते मुद्दाम चालू केले, तर उलट घडले.

राहिले त्या अळीचे मधले गुबगुबीत पाय. पोटाला मनाई असताना ते आले कसे? १९९४ साली एका फुलपाखराच्या भ्रूणाची तपासणी झाली, तेव्हा दिसले की पोटाच्या ठरावीक खंडांवर, जेथे हे पाय येणार असतात नेमक्या त्या ठिपक्यांएवढ्या जागेत, ही मनाई करणारी जनुके बंद होतात आणि डिस्टल-लेस तेथे जागे होते. सगळ्या पोटावर बंदी आणि तीत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या जागी सूट. हे मी सांगितल्यावर बाईंनी तळहातावरची अळी जवळ घेऊन पुन्हा एकदा पाहिली आणि पहिल्या मोकळ्या पेरावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे हितं सूट मिळाली न्हाई?" मी म्हणालो, "नाही मिळाली."